कुशीवरचा व्रण

किडनीतली कॅन्सरची गाठ काढून बारा-पंधरा वर्षं उलटली की माणूस स्वतःला पेशंट समजत नाही. पहिली पाच वर्षं सोनोग्राफी झाली, सीटी झाले, रिपोर्ट चांगले आले. मग डॉक्टरांनी 'आता वर्षातून एकदा या' म्हटलं आणि तेही एकदा राहिलं ते राहिलंच. द्राक्षाची छाटणी, मुलीचं लग्न, नव्या घराचं काम. फाईल माळ्यावर गेली. पुढे कधीतरी मानेत गाठ लागते, नाकातून रक्त येतं, हिमोग्लोबिन उतरत जातं किंवा पोटाच्या सोनोग्राफीत स्वादुपिंडावर काहीतरी दिसतं. मग सटाण्याहून, निफाडहून, सिन्नरहून माणूस नाशिकला येतो. मानेच्या गाठीसाठी एका डॉक्टरांकडे, नाकासाठी दुसऱ्या, पोटासाठी तिसऱ्या. यातल्या कुठल्याच दारात किडनीचा विषय निघत नाही.

या आजाराची खोड अशी की तो घाई करत नाही. शस्त्रक्रियेनंतर जे कॅन्सर परत येतात, त्यांतले बहुतेक पहिल्या दोन-तीन वर्षांत येतात. पण दहा वर्षांनंतर, क्वचित वीस वर्षांनंतरही परतल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत भरपूर आहेत. दुसरी खोड जागेची. फुप्फुस, हाडं, लिम्फच्या गाठी, यकृत, मेंदू या नेहमीच्या जागा. पण थायरॉईड, स्वादुपिंड, नाकाच्या पोकळ्या, लाळेच्या ग्रंथी, टाळूची कातडी, पित्ताशय, जीभ, योनिमार्ग, डोळ्याची खोबण अशा जागांची यादीही लांबलचक आहे, आणि उशिरा येणारा आजार याच आडबाजूच्या जागा निवडतो असं वारंवार दिसतं.

याला शरीररचनेचा थोडा आधार आहे. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा साधारण पाचवा हिस्सा दोन किडन्यांकडे जातो. तिथून शिरेवाटे निघालेली पेशी मोठ्या शिरेतून हृदयाच्या उजव्या बाजूला आणि मग फुप्फुसात पोचते. फुप्फुसाची चाळण चुकवून ती पुढे गेली की जिथे रक्तपुरवठा भरपूर, तिथे तिची सोय होते. थायरॉईड हे त्याचं ठळक उदाहरण. दुसरी वाट मणक्याभोवतीच्या शिरांची. ऑस्कर बॅटसन यांनी १९४० मध्ये दाखवून दिलं की या शिरांच्या जाळ्यात झडपा नसतात. खोकताना, कुंथताना पोटातला दाब वाढला की रक्त उलटंही वाहतं आणि फुप्फुसाला वळसा घालून थेट डोक्या-मानेपर्यंत पोचू शकतं. डाव्या किडनीची आणखी एक गोष्ट. डाव्या अंडाशयाची किंवा वृषणाची शीर डाव्या किडनीच्या शिरेला येऊन मिळते. उजवीकडे ती थेट मोठ्या शिरेत जाते. योनिमार्गातल्या रक्ताळ गाठीचं मूळ डाव्या किडनीत सापडतं, त्याचं कारण ही उलटी वाट मानली जाते.

आता निदान. माझं मत स्पष्ट आहे: या आजारात निदान चुकतं ते यंत्र कमी पडलं म्हणून फार थोड्या वेळा. जुन्या ऑपरेशनची बातमी स्लाइड बघणाऱ्यापर्यंत आणि सीटी वाचणाऱ्यापर्यंत पोचत नाही, म्हणून ते चुकतं.

ती पोचत नाही याला आपल्या घरांची रीत बऱ्यापैकी जबाबदार आहे. कॅन्सर हा शब्द पेशंटपासून लपवायचा, हा अलिखित नियम. २००८-०९ च्या सुमारास किडनी काढलेल्या कित्येक आजोबांना 'मुतखड्यानं किडनी खराब झाली होती' असंच सांगितलेलं असतं. ज्या थोरल्या मुलानं किंवा मेहुण्यानं खरा रिपोर्ट हातात घेतला, तो आता पुण्याला असतो किंवा हयात नसतो. मग डॉक्टरांनी 'पूर्वी कॅन्सर होता का?' विचारलं की आजोबा अगदी प्रामाणिकपणे 'नाही' म्हणतात. म्हणून प्रश्न बदलावा लागतो. 'पोटातला, कुशीतला कुठला अवयव काढलाय का? केव्हा? कुठल्या गावी? काढलेला तुकडा तपासायला पाठवला होता का?' आणि बरोबर आलेल्या माणसाला हेच प्रश्न बाहेर नेऊन वेगळे.

त्याहून बरं म्हणजे शर्ट वर करून बघणं. उघड्या शस्त्रक्रियेचा व्रण शेवटच्या बरगडीच्या खाली कुशीतून पुढे येतो. तो लपत नाही. दुर्बिणीनं केलेल्या शस्त्रक्रियेत तीन-चार बारीक खुणा आणि किडनी बाहेर काढायला ओटीपोटाजवळ घेतलेला एक आडवा छेद असतो. बाईमाणसाच्या बाबतीत तो सिझेरियनचा समजून सोडून दिला जातो.

सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये तर उत्तर बहुतेक वेळा लिहिलेलंच असतं. यकृत ठीक, पित्ताशय ठीक, प्लीहा ठीक, आणि मधेच एक ओळ: डावी किडनी दिसत नाही, पूर्वी काढलेली. शेवटच्या निष्कर्षात मात्र फक्त स्वादुपिंडाची गाठ येते, आणि वाचणारा निष्कर्षच वाचतो. ती मधली ओळ निष्कर्षात आणली, 'किडनी कशासाठी काढली याची माहिती घ्यावी' एवढं जोडलं, तर पुढचे दोन महिने वाचतात. अलीकडे यात एक नवी अडचण आली आहे. लहान गाठींसाठी आता किडनीचा तेवढाच भाग काढतात, बाकीची किडनी जागेवर असते. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या दिसतात आणि कुणालाच शंका येत नाही.

एकेक जागा बघू. सगळ्यांना सारखी जागा देण्याचं कारण नाही, कारण फसगत सगळीकडे सारखी होत नाही.

नाकापासून सुरुवात करावी, कारण नाशिकच्या उन्हाळ्यात घोळणा फुटणं ही इतकी सामान्य गोष्ट आहे की त्यासाठी कुणी फाईल काढत नाही. डोक्यावर पाणी मारायचं, कांदा फोडून हुंगवायचा, संपलं. कांद्याच्या जिल्ह्यात हा उपाय कोण नाकारणार? (उपयोग होतो तो बहुधा नाक दाबून गप्प बसवल्याचा.) पण साठीच्या माणसाचं एकाच नाकपुडीतून पुन्हापुन्हा रक्त येत असेल आणि ती नाकपुडी चोंदलेली असेल, तर ऊन हे उत्तर नव्हे. नाक आणि त्याच्या पोकळ्यांत शरीराच्या खालच्या भागातून पसरून येणाऱ्या कॅन्सरमध्ये किडनीचा पहिला नंबर लागतो. दुर्बिणीतून लालभडक, मऊ, हात लागताच वाहणारी गाठ दिसते. इथे ओपीडीत चिमटा लावून तुकडा काढायचा मोह आवरावा लागतो. आधी डायचं, म्हणजे चित्र ठळक करणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन देऊन सीटी किंवा एमआरआय, रक्ताची सोय, आणि मग ऑपरेशन थिएटरमध्ये, नाक भरण्याची तयारी ठेवून बायोप्सी. गाठ मोठी असेल तर आधी तिच्या रक्तवाहिन्या आतून बंद करून घेतात. हे सगळं रक्त कशामुळे? या कॅन्सरच्या नेहमीच्या प्रकारात व्हीएचएल नावाचं जनुक निकामी झालेलं असतं. त्यामुळे पेशीला सतत प्राणवायू कमी पडल्याचा भास होतो आणि ती नव्या रक्तवाहिन्या मागवत राहते. गाठ जिथे जाईल तिथे रक्तानं भरलेलीच असते.

थायरॉईडची फसगत सगळ्यात शांत. मानेत गाठ, टीएसएच नॉर्मल, सोनोग्राफीत घट्ट, काळपट, रक्तपुरवठा भरपूर असलेली गाठ. सुईची तपासणी करतात. सिरिंजमध्ये नुसतं रक्त येतं. स्लाइडवर रक्तात विखुरलेले थोडे पेशींचे पुंजके, आणि रिपोर्ट जातो 'फॉलिक्युलर गाठ असावी', म्हणजे थायरॉईडचीच, सुईच्या तपासणीच्या बेथेस्डा वर्गवारीत चौथा गट. चूक म्हणता येत नाही. समोर जे आलं त्यावरून तेवढंच दिसतं. अर्धं थायरॉईड काढलं जातं आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली खरी गोष्ट येते. पेशी मोठ्या, कडा ठसठशीत, आत जवळपास काहीच नाही, मधोमध एक गोल केंद्रक, आणि पेशींच्या प्रत्येक छोट्या गटाभोवती केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांचं कुंपण. मधाचं रिकामं पोळं बघावं तसं. आतून पेशी रिकामी नसते. तिच्यात चरबी आणि ग्लायकोजेन ठासून भरलेलं असतं. तुकडा मेणात बसवून ब्लॉक बनवताना अल्कोहोल आणि झायलीनमध्ये चरबी विरघळून जाते, ग्लायकोजेनही बरंचसं धुऊन जातं, आणि आपल्याला उरलेली पोकळी दिसते.

पण थायरॉईडच्या स्वतःच्या काही गाठींतही अशा पोकळ पेशी असतात. लाळग्रंथीत, अंडाशयात, पॅराथायरॉईडमध्येही. म्हणून पुढची पायरी इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे पेशीतली विशिष्ट प्रथिनं रंगवून बघणं. इथे सगळ्यात जास्त दगा देणारा मार्कर म्हणजे पॅक्स-८. किडनीच्या पेशीत तो असतो म्हणून तो मागवला जातो, पण तो थायरॉईडमध्येही असतो आणि अंडाशयाच्या कॅन्सरमध्येही. थायरॉईडच्या गाठीवर एकटा पॅक्स-८ लावून तो पॉझिटिव्ह आला तर आपण जिथे होतो तिथेच आहोत. सोबत थायरॉईडची खूण असलेलं टीटीएफ-१ आणि थायरोग्लोब्युलिन हवंच. किडनीच्या पेशीत दोन्ही निगेटिव्ह येतात. त्यातही थायरोग्लोब्युलिन शेजारच्या निरोगी भागातून झिरपून गाठीच्या कडेला रंग देतं. म्हणून गाठीच्या मध्यावर काय दिसतं ते बघायचं, कडेवर नाही. कार्बोनिक अनहायड्रेज-९ हा चांगला साथीदार: पेशीच्या पडद्यावर कडेकडेनं सलग तपकिरी रेघ उमटते. पण गाठीचा मेलेला भाग असेल तर त्याच्या आजूबाजूला कुठल्याही कॅन्सरमध्ये हा मार्कर पॉझिटिव्ह येऊ शकतो, कारण तिथे प्राणवायू खरोखरच कमी असतो. अंडाशयाच्या गाठीत सीके-७ कामाला येतो. अंडाशयाच्या स्वतःच्या पोकळ-पेशी कॅन्सरमध्ये तो पॉझिटिव्ह, किडनीच्या या प्रकारात बहुधा निगेटिव्ह.

आणि हे सगळे मार्कर कोण मागवणार? ज्याला किडनीची शंका आली तो. फॉर्मवर 'मानेत गाठ, सहा महिने' एवढंच लिहिलेलं असेल तर पॅथॉलॉजिस्ट थायरॉईडचाच संच लावणार. 'उजवी किडनी २०१० साली काढली, कारण माहीत नाही' एवढी एक ओळ सगळा संच बदलून टाकते.

तुकडा प्रयोगशाळेत कसा पोचतो हेही कमी महत्त्वाचं नाही. तालुक्याच्या दवाखान्यातून सलाईनमध्ये किंवा स्पिरिटमध्ये घालून आलेला तुकडा इम्युनोसाठी बिघडतो. १० टक्के बफर्ड फॉर्मलिन लागतं, तुकड्याच्या निदान दहापट. त्यात तो किमान सहा तास राहावा आणि तीन दिवसांच्या आत प्रोसेसिंगला लागावा. बाटलीवर घेतल्याची वेळ लिहायची. हाडाचा तुकडा असेल तर आणखी एक काळजी. हाड मऊ करायला तीव्र आम्लात ठेवलं की प्रथिनं मोडतात आणि मार्कर खोटे निगेटिव्ह येतात. हाडासोबत आलेला मऊ भाग आधीच बाजूला काढून, आम्लाविना वेगळा ब्लॉक करायला सांगायचं, उरलेलं ईडीटीएमध्ये. त्यात वेळ जातो, पण निदान हाती लागतं.

स्वादुपिंडाकडे वळू, कारण इथे खरी परीक्षा सीटीच्या वेळापत्रकाची असते. इंजेक्शन दिल्यावर साधारण ३५ ते ४० सेकंदांनी धमन्यांचा टप्पा येतो. तेव्हा या गाठी दिव्यासारख्या उजळतात. ७० सेकंदांनी यकृताच्या शिरेचा टप्पा येतो, तोवर गाठ आणि आजूबाजूचं स्वादुपिंड एकाच रंगाचं झालेलं असतं. पोटाचा नेहमीचा सीटी या दुसऱ्या टप्प्यावरच घेतात. म्हणजे नेहमीच्या पद्धतीनं काढलेल्या सीटीत गाठ असूनही रिपोर्ट 'नॉर्मल' येऊ शकतो. फॉर्मवर किडनीचा इतिहास असेल तर सीटी घेणारा दोन्ही टप्पे घेतो.

दुसरी अडचण भीतीची. 'एकच किडनी आहे, डाय नको' असं म्हणून इंजेक्शनाविना साधा सीटी काढला जातो, आणि साध्या सीटीत या गाठी फारशा दिसत नाहीत. एकच किडनी असणं हे इंजेक्शन न देण्याचं कारण नाही. रक्तातल्या क्रिएटिनिनवरून ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते त्याचा आकडा, काढायचा. तो ३० च्या वर असेल तर बहुतेकांना इंजेक्शन देता येतं. आदल्या दिवशी भरपूर पाणी, गुडघेदुखीच्या गोळ्या बंद, मधुमेहाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारून ठरवायचं. ईजीएफआर त्याहून कमी असेल तर एमआरआयचा विचार.

गाठ दिसली तरी ती कोणती हा प्रश्न उरतोच. धमन्यांच्या टप्प्यात उजळणारी स्वादुपिंडाची गाठ म्हटलं की पहिलं नाव येतं न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरचं, म्हणजे हार्मोन बनवणाऱ्या पेशींच्या गाठीचं. मग अशा गाठी त्यांच्यावरच्या सोमॅटोस्टॅटिनच्या रिसेप्टरवरून शोधणारा डोटाटेट पेट स्कॅन होतो आणि तोही पॉझिटिव्ह येतो, कारण किडनीच्या या गाठींतही सोमॅटोस्टॅटिनचे रिसेप्टर असू शकतात. एकाच चुकीच्या नावावर दोन तपासण्यांचं एकमत झालं की ते नाव पुसणं अवघड. एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडमधून सुईनं तुकडा घेऊन सिनॅप्टोफायसिन आणि क्रोमोग्रॅनिन हे न्यूरोएंडोक्राइन पेशींचे मार्कर लावले की खरं कळतं. किडनीच्या पेशीत ते निगेटिव्ह. एकापेक्षा जास्त गाठी असतील आणि किडनी काढलेली असेल, तर पहिली शंका किडनीचीच घ्यावी.

अ‍ॅड्रिनलचा, म्हणजे किडनीच्या वरच्या टोकावरच्या ग्रंथीचा, गोंधळ तर फार जुना. पॉल ग्राविट्झ यांनी १८८३ मध्ये या गाठी किडनीत अडकलेल्या अ‍ॅड्रिनलच्या कणांपासून होतात असं मांडलं होतं, इतक्या त्या अ‍ॅड्रिनलसारख्या दिसतात. आजही एमआरआय त्याच चकव्यात सापडतो. अ‍ॅड्रिनलच्या निरुपद्रवी गाठीत चरबी असते आणि ठरावीक चित्रांत तिचा सिग्नल कमी होतो. किडनीच्या पेशीतही चरबी असल्यानं तिचाही कमी होऊ शकतो. इंजेक्शन झपाट्यानं धुऊन जाण्याची खूणही दोघांत सारखी असू शकते. अशा वेळी जुन्या सीटीशी तुलना करणं हाच भरवशाचा मार्ग: आधी नसलेली किंवा वाढत असलेली गाठ निरुपद्रवी धरू नये. सुई घालण्याआधी रक्तातले मेटानेफ्रीन मात्र तपासून घ्यावेत. गाठ फिओक्रोमोसायटोमाची, म्हणजे रक्तदाब वाढवणारे हार्मोन सोडणारी, निघाली तर सुई लागताच रक्तदाब आभाळाला भिडतो, आणि व्हीएचएलचा दोष वारशानं येणाऱ्या घराण्यांत किडनीच्या गाठी आणि फिओ दोन्ही असतात.

हाडांबद्दल एकच गोष्ट सांगतो, पण ती पक्की लक्षात ठेवण्याजोगी. बोन स्कॅन नवं हाड तयार होताना उजळतो. किडनीचा आजार हाड पोखरतो, नवं तयार होऊ देत नाही. त्यामुळे स्कॅन स्वच्छ आणि दंडाचं हाड आतून पोकळ, असं होऊ शकतं. बाथरूममध्ये पाय घसरल्याचं निमित्त होऊन दंड किंवा मांडी मोडली आणि एक्स-रेमध्ये मोडलेली जागा कुरतडल्यासारखी दिसली, तर लगेच रॉड घालायला घेऊ नये. आधी बायोप्सी, आणि ऑपरेशनच्या एक ते तीन दिवस आधी रक्तवाहिन्या बंद करून घेणं. नाहीतर हाड आतून कोरताना रक्त थांबवणं हेच मुख्य ऑपरेशन होऊन बसतं.

टाळूवरच्या गाठीला आवाळू म्हणून सोडलं जातं. ती लाल असेल, भराभर वाढत असेल, बोटाला ठोके लागत असतील, तर ते आवाळू नाही. पित्ताशयातला 'पॉलिप' रक्तपुरवठ्यानं भरलेला असेल तर तोच नियम. हिमोग्लोबिन उतरतंय आणि शी काळी होतेय, तर एंडोस्कोपी जठरावर थांबवू नये. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचा, म्हणजे ड्युओडेनमचा, दुसरा टप्पा उजव्या किडनीला चिकटूनच असतो, तिथवर जावं.

मग एकदाच पेट स्कॅन करून सगळं का बघू नये, असा प्रश्न घरचे लोक हमखास विचारतात. नेहमीचा पेट साखरेवर चालतो आणि या कॅन्सरच्या पेशी साखर कधी उचलतात, कधी नाही. पेट स्वच्छ आला म्हणून गाठ नाही असं म्हणता येत नाही. प्रोस्टेटसाठी वापरला जाणारा पीएसएमए पेट मात्र इथे उपयोगी पडू शकतो. किडनीच्या गाठीच्या नव्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर तो रेणू असतो. तरी पेट हा छाती-पोटाच्या नीट काढलेल्या सीटीच्या जोडीला येतो, त्याच्या जागी नाही. डोकेदुखी, उलटी, झटका असं काही असेल तर मेंदूचा एमआरआय वेगळा.

निदान बरोबर झालं की पुढचं सगळं बदलतं. थायरॉईडच्या कॅन्सरला दिलं जाणारं रेडिओआयोडीन इथे काही करत नाही. स्वादुपिंडात सरसकट मोठं ऑपरेशन करण्याआधी, तेवढीच गाठ काढून भागेल का हे बघता येतं. आजाराची तीव्रता मोजण्याच्या आयएमडीसी पद्धतीत निदानापासून औषध सुरू करण्यापर्यंत एक वर्षाच्या आत वेळ आली तर तो वाईट गुण धरतात. बारा वर्षांनी परतलेल्या आजाराला तो लागत नाही. एकच गाठ असेल आणि ती पूर्ण काढता येत असेल तर माणूस पुढे बरीच वर्षं चांगला राहू शकतो. दोन-तीन बारीक गाठी हळू वाढत असतील तर लगेच गोळ्या सुरू न करता तीन-तीन महिन्यांनी सीटी काढून लक्ष ठेवणं हाही सर्वमान्य पर्याय आहे. घरच्यांना तो पटवणं अवघड जातं. 'काहीच करणार नाही का?' असं विचारतात.

जुने कागद मिळवायचे तर उशीर करू नये. ज्या रुग्णालयात किडनी काढली, तिथला हिस्टोपॅथॉलॉजीचा रिपोर्ट मागावा: गाठीचा प्रकार, आकार सेंटिमीटरमध्ये, ग्रेड एक ते चार, शिरेत शिरली होती का. रिपोर्टसोबत पॅराफिन ब्लॉकही मागावा. ब्लॉक सांभाळण्याची मुदत असते, ती संपल्यावर तो मिळेलच असं नाही. मिळाला तर जुनी आणि नवी स्लाइड एकाच टेबलावर ठेवून बघता येते, आणि कित्येकदा तेवढ्यानंच निम्म्या मार्करचा खर्च वाचतो. ब्लॉक कुरिअरनं पाठवायचा तर नाशिकच्या उन्हात मेण मऊ पडतं. कापसात गुंडाळून डबीत घालावा, पाकिटावर पेशंटचं नाव आणि ब्लॉकचा नंबर दोन्ही लिहावेत, आणि रिपोर्टची झेरॉक्स आत ठेवावी.